अक्कांसाठी टॉप मॉडेल

उजव्या हातातल्या बांगड्या काढून अक्का त्या डाव्या हातात चढवायला लागल्या की आम्ही समजायचो, आता एक तर कुठल्या तरी म्हशीचं काम आहे, नाही तर आमच्यापैकी कुणाचं तरी. दोन्ही वेळा बाही खांद्यापर्यंत वर जायची आणि दोन्ही वेळा समोरच्याला हलायची सोय नसायची. फरक एवढाच, की म्हशीशी त्या हळू बोलायच्या.

आमच्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "विचारलंत कुणाला?" ऑफिसला निळा रंग दिला, "विचारलंत कुणाला?" जेवणाची सुट्टी अर्ध्या तासानं पुढं ढकलली, "विचारलंत कुणाला?" एकदा मी त्यांचं औषधांचं कपाट उन्हातून सावलीत हलवून घेतलं आणि शाबासकीच्या आशेनं समोर उभा राहिलो.

"अक्का, औषधं खराब होत होती. चांगल्यासाठीच हलवलंय."

"चांगलंच झालंय," अक्का म्हणाल्या. "पण विचारलंत कुणाला?"

मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि माझ्या टेबलावर परत आलो. घरी बायको कधी कधी हाच प्रश्न विचारते, तेव्हा मी पिशवी घेऊन भाजीला जातो.

मी कोल्हापुरातल्या एका दूध संस्थेच्या ऑफिसात होतो. पद कागदावर भारदस्त होतं, काम मात्र सह्या मिळवण्याचं. अक्का संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टर. गडहिंग्लजच्या पलीकडच्या लिंगायत घरातल्या. घरात कानडी, कॉलेजात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. साडीवरून पुरुषी फुल शर्ट घालायच्या, शेतात भांगलायला जाणाऱ्या बायका घालतात तसा, आणि पायात काळे गमबूट. एकट्याच राहायच्या. का, हे विचारायची आमची छाती नव्हती. 'अक्का' हे त्यांच्याकडचं थोरल्या बहिणीचं नाव. ते वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी उचललं, त्यांच्याकडून आम्ही.

नव्यानं आल्या तेव्हाची गोष्ट. शाहूवाडीकडच्या एका गावात म्हैस अडली म्हणून निरोप आला. अक्का गेल्या, बांगड्या या हातातून त्या हातात गेल्या, काम सुरू झालं. तेवढ्यात घरमालक शेतातून धावत आला आणि गोठ्याच्या दारातूनच ओरडला, "आरं, डॉक्टर कुठाय? ह्या बाईला कुणी आणलं हितं?"

अक्कांचा हात तेव्हा खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात होता. मागं वळून न बघता म्हणाल्या, "डॉक्टर आत गुंतलाय. बाहेर आला की बोला."

रेडकू जिवंत निघालं. तो घरमालक पुढं जनावर नुसतं शिंकलेलं दिसलं तरी "अक्कास्नी बलवा" म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, तापट बाई. आम्हीही तेच म्हणायचो. तसं म्हटलं की फार सोयीचं पडतं. मग ती कशानं तापली ते बघायला लागत नाही.

तर आता गाडीचं सांगतो. हे सांगायला घेतलं की घरात पोरं उठून जातात, कारण माझा आवाज चढतो. गेल्या महिन्यात थोरल्यानं जुनी गाडी घ्यायची म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं, "बाबा, बेस घेऊ की टॉप?" मी त्याच्यावर असा काही खेकसलो की बायको आतून म्हणाली, "झालं, आल्या अक्का." पण तुम्ही बसा.

गगनबावड्याच्या पलीकडं, घाटमाथ्यावर, आमच्या संस्थेला दूध घालणाऱ्या काही वाड्या होत्या. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. पडायला लागला की माणसं तो थांबायची वाट बघत नाहीत, त्याच्यातच जगतात. अक्का एसटीनं गगनबावड्यापर्यंत जायच्या आणि पुढं चालत. ओढा, मग चढ, मग लाल चिखल, मग परत ओढा. अडलेल्या म्हशीला हे काही कळत नाही. अक्का पोचायच्या तोवर कधी रेडकू गेलेलं असायचं, कधी दोन्ही. खाली उतरून ऑफिसात आल्या की टेबलाखाली गमबूट काढून नुसत्या गुडघे दाबत बसायच्या.

बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर संचालक मंडळानं ठरवलं, अक्कांना गाडी द्यायची. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. मोबाईल नुकते आलेले, आणि कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी उंच, दांडग्या गाड्यांचं नाव. अक्कांनी त्यातली एक नक्की केली आणि मला समोर बसवून समजावली, कारण सह्या मला मिळवायच्या होत्या.

"हे बघा. गाडीचं नाव एकच हाय, पण कंपनीनं तिला तीन तऱ्हेचे कपडे शिवल्यात. साधी, मधली आणि टॉप. साधीला मागं समोरासमोर बाकडी, खाली रबर, काच हातानं फिरवायची. आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बारका दांडा. तो ओढला की पुढची चाकंबी जोर लावत्यात."

"आणि टॉपला?"

"गालिचा, मखमल, एसी, बटणावरच्या काचा. चढायला चांदीवाणी पायरी."

"आणि बारका दांडा?"

"न्हाय. टॉप घेणारा माणूस चिखलात कशाला जातोय, असं कंपनीला वाटतंय." मग बोट माझ्या नाकासमोर आणून म्हणाल्या, "मला दांडा पाहिजे. खाली रबर पाहिजे, शेण-रक्त पाण्यानं धुऊन जाईल असं. मागं बाकडी पाहिजेत, मधल्या जागेत रेडकू आडवं टाकता येतंय. बाकी तुम्हाला काय शोभा करायची ती माझ्या लग्नात करा."

मी ते जसंच्या तसं चेअरमनना सांगितलं. लग्नाचं सोडून.

कसबा बावड्यात एका बागायतदाराकडं अशा दोन गाड्या विकायला आहेत असं कळलं. आपल्याकडं गाडी बघायला एकटा माणूस जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चेअरमन, तीन संचालक, मी आणि अक्का, असे रविवारी सकाळी निघालो. चेअरमन वयानं मोठे, फेटा बांधणारे, मनानं खरंच चांगले. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही त्यांना शिव्या घालाल. मी अजून घालतो.

बागायतदाराच्या अंगणात एक गाडी मोत्यासारखी उभी होती. पांढरी, चकचकीत चाकांची, दोन्ही बाजूंना पायऱ्या. टॉप. सगळे तिच्याभोवती गोळा झाले, काचेत मिशा बघून घेतल्या. अक्का मात्र सरळ घरामागं गेल्या. गोठ्याशेजारी उसाच्या पाल्याखाली दुसरी उभी होती, बॉनेटवर कोंबडी बसलेली. साधी.

अक्कांनी कोंबडी उठवली, जमिनीवर पोतं टाकलं आणि पदर खोचून गाडीखाली शिरल्या. बाहेर आल्या, किल्ली मागितली, आणि नुकतंच पाणी सोडलेल्या उसाच्या रानात गाडी घातली. चाकं पार रुतली. मग त्यांनी बारका दांडा ओढला आणि गाडी हळूहळू, म्हातारी म्हैस डबक्यातनं उठते तशी, उठून बाहेर आली.

अक्का खाली उतरल्या तेव्हा कपाळापर्यंत चिखल होता आणि त्या हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"हीच," त्या म्हणाल्या. "दुसरी बघायची न्हाय."

"बरं, बरं," चेअरमन म्हणाले. "हातपाय धुऊन घ्या आधी. जेवणं तयार हायत."

इथं घात झाला.

बागायतदारानं बोकड कापलं होतं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. अक्का लिंगायत, अंड्याच्या वासालासुद्धा उभ्या राहायच्या नाहीत. तेव्हा घरच्या वहिनींनी मोठ्या अगत्यानं त्यांना आत नेलं. माजघरात वेगळा पाट, वेगळी ताटं, बायकांची पंगत. भाकरी, भरलं वांगं, दही, खर्डा. कौतुकानं वाढत होत्या, जनावरांचे प्रश्न विचारत होत्या. आतून हसण्याचे आवाज येत होते. आणि आम्ही पुरुष बाहेर पडवीत. म्हणजे बघा, आदरानं, मानानं, जराही वाईट हेतू नसताना, गाडी चालवणारं एकच माणूस उचलून भिंतीपलीकडं ठेवलं गेलं.

पहिल्या वाटीनंतर चेअरमनना भरून आलं.

"अक्कांच्या जिवावर आपली जनावरं हायेत," ते म्हणाले. "आणि त्या बाईला असलं खटारं द्यायचं? कोंबड्या बसत्यात त्याच्यावर."

"संस्थेची अब्रू हाय," एक संचालक म्हणाले. "वाडीत गाडी गेल्यावर लोकांनी बघितलं पाहिजे."

"टॉपला पैसं जास्त पडतील."

"पडू देत. आपला भत्ता सोडूया आपण ह्या वर्साचा. बाईमाणूस पावसापाण्याचं हिंडतंय."

मी म्हटलं, "पण अक्का म्हणाल्या होत्या, ती मागची..."

"आरं, त्या संकोचानं म्हणत्यात," चेअरमन म्हणाले. "बाई कधी स्वतःसाठी चांगलं मागती का? तुझी मागती?"

माझी मागते, पण ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं. "मग विचारून येतो आत जाऊन," मी म्हटलं आणि उठायला लागलो.

"जेवत्या माणसाला उठवायचं न्हाय. बस खाली. वाढ रे ह्यांना रस्सा."

आणि माझ्या वाटीत पांढरा रस्सा पडला. बागायतदार शेजारीच बसून आग्रह करत होता, "घ्या पावणं, लाजू नका." भरल्या वाटीसमोर माणूस फार वेळ वाद घालू शकत नाही. निदान माझ्या बांध्याचा तरी.

पानं उठली तेव्हा व्यवहार झाला होता. आणि आपल्याकडं दारात जेवून व्यवहार मोडत नाहीत.

हार आला. नारळ आला. अक्कांना आणि वहिनींना आत बोलावणं गेलं. वहिनींच्या हातात पंचारती, मागून अक्का, पदराला हात पुसत, अजून हसऱ्या. आणि त्या अंगणातनं सरळ घरामागं चालायला लागल्या.

"अक्का, तिकडं कुठं?" चेअरमन ओरडले. "हिकडं, हिकडं या!"

अक्का वळल्या. पांढऱ्या गाडीला झेंडूचा हार होता. चाकाखाली लिंबू होतं. नारळ फुटलेला होता.

"तुमच्यासाठी टॉप घेतली, अक्का!" चेअरमन म्हणाले, आणि शपथेवर सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एसी हाय. घाम येणार न्हाय आता तुम्हाला."

मी अक्कांच्या हाताकडं बघत होतो. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत.

"विचारलंत कुणाला?" त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला वाटतं मलाच ऐकू आलं असेल.

"विचारायचं काय त्यात? तुम्ही घरच्या!" चेअरमन म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुणी लबाडी केली असती तर सोपं होतं. कुणी मधल्या मधे काही खाल्लं असतं तर अक्कांनी त्याचा निकाल तिथंच लावला असता. पण इथं सगळे हात जोडून, प्रेमानं, स्वतःच्या खिशाला चाट लावून उभे. असल्या माणसांवर राग काढायचा कुठं? मला आजही कळत नाही, म्हणून तो मी पोरांवर काढतो.

पाऊस लागला. गालिच्याला आधी ओल आली, मग वास, मग त्यातून काही तरी उगवायला लागलं. अक्कांनी एक दिवस कापायची सुरी घेतली, गालिचा भोसकून बाहेर ओढला आणि चेअरमनच्या केबिनबाहेर पायपुसणं म्हणून अंथरला. चेअरमन म्हणाले, "बघा, किती काटकसरी बाई हाय."

त्याच पावसात दुधाच्या तक्रारीसाठी मला वरच्या वाडीला जायचं होतं, आणि अक्कांना तिथूनच निरोप आला, पहिलारू म्हैस अडलीय. दोघं एकाच गाडीनं निघालो. गगनबावड्यापर्यंत मी मखमलीवर राजासारखा. पुढं ओढा आला. अक्कांनी गाडी घातली. चांदीची पायरी दगडावर घासली, मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी जागेवर बसली. पुढची चाकं आपली नुसती बघत होती.

घरमालक, तिशीतला गडी, ओढ्यापलीकडं वाटच बघत उभा होता. "अक्का, पाय आत दुमडल्यात. सकाळधरनं कळा देतीय."

अक्कांनी पिशवी डोक्यावर घेतली. मला म्हणाल्या, "पाणी वाढलं तर उडी टाका. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे." आणि ओढा ओलांडून चढाला लागल्या.

त्यांची छत्री सीटवरच राहिली होती. हाक मारावी म्हणून मी काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. बटणात पाणी गेलेलं. माझ्या बाजूचं दार दगडाला टेकलेलं, उघडेना, आणि पलीकडून ओढ्यात उतरायची माझी छाती झाली नाही. मी आत बसून छत्री हलवत होतो आणि काचेपलीकडं अक्का चढ चढत होत्या. दर चार पावलांवर एक हात गुडघ्यावर टेकवायच्या, मग पुढं. एसी चालू होता. तो मात्र उत्तम चालत होता.

परत आल्या तेव्हा शर्टाची उजवी बाही नव्हतीच, कापून टाकलेली. मागून तो घरमालक आणि वाडीतली चार माणसं कासरा घेऊन.

"रेडकू मेलं," अक्का म्हणाल्या. "म्हशीचं काय सांगता येत न्हाय."

ती माणसं पाण्यात उतरली आणि त्यांनी गाडीला कासरा बांधून ती ओढून काढली. ज्याची म्हैस घरी मरायला टेकली होती, तो सगळ्यात पुढं होता. गाडी निघाल्यावर त्यानं तिच्या पत्र्यावरून ओला हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, "गाडी लई भारी हाय हो अक्का."

घाट उतरून खाली आल्यावर अक्का कानडीत एकच शब्द म्हणाल्या, "साकु." पुरे.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेंपोबरोबर निरोप आला, म्हैस गेली.

अक्का मंडळाच्या बैठकीत उभ्या राहिल्या. मागणी साधी होती. ही गाडी बागायतदाराला परत द्या, ती घ्या. तो तयार आहे, वरून काही परतही देईल. चेअरमनना ते ऐकवेना.

"अक्का, जेवलोय आपण त्यांच्या दारात."

"मीबी जेवलेय," अक्का म्हणाल्या. "माझ्या ताटातल्या वांग्यापायी म्हशी मारायच्या व्हय?"

"तसं न्हाय ओ. नारळ फुटलाय."

बांगड्या सरकायला लागल्या. पण अक्कांनी त्या दिवशी वेगळंच केलं. म्हणाल्या, "उद्या चला सगळे माझ्याबरोबर. नुसतं बसा गाडीत."

आम्ही गेलो. गाडी ठरल्याप्रमाणं ओढ्यात बसली. चेअरमन फेट्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, संचालक धोतरं वर धरून, सगळे त्या चढावरून चालत गेले. एकजण दोनदा पडला, तो मी. वर पोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं पांढरी. अक्कांनी रिकामा गोठा दाखवला, खुंटा दाखवला. घरमालकाची बायको दारात उभी होती. मला वाटलं, झालं, आता दगडालाही कळेल.

चेअरमनना कळलंही. परत येताना ते गाडीत डोळे पुसत होते. म्हणाले, "अक्का, एवढं हाल काढत होता तुम्ही? आम्हाला काय ठाऊकच न्हाय. आता न्हाय हो. आता तुम्हाला वर पाठवायचं न्हाय."

आणि खरोखर पुढच्या बैठकीत त्यांनी अक्कांकडून घाटमाथ्याच्या वाड्या काढून घेतल्या. प्रेमानं. अक्कांनी आता खालची, सडकेवरची गावं बघायची. वर एक नवा, तरुण डॉक्टर नेमायचा.

अक्का टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "हाल नकोत म्हणून कुणी सांगितलंतं? मी हाल चुकवा म्हटलं न्हवतं. गाडी द्या म्हटलंतं. गाडी! त्या वाड्या माझ्या हायेत. तिथली म्हैस अन् म्हैस मला ओळखती."

"अक्का, तुमच्या तब्येतीचं बघतोय आम्ही."

"माझी तब्येत मी बघते! तुम्ही गाडी बघा म्हटलंतं!"

मग एक संचालक हळूच म्हणाले, "दमल्यात बाई. चहा सांगा रे."

तरुण डॉक्टर रुजू झाला. चांगला पोरगा, सांगलीकडचा, मिसरूड नुकतंच जाड झालेलं. आणि त्याला वर जायला गाडी काय द्यायची, असा प्रश्न निघाला तेव्हा चेअरमननी तो एका मिनिटात सोडवला.

"पोरगा हाय. त्याला कशाला एसी न् फिसी? कसबा बावड्यातली ती कोंबडीची गाडी आणा."

होय. तीच. बारक्या दांड्याची, रबराची, बाकड्यांची. अक्कांना मान द्यायचा म्हणून नाकारली ती, याला मान द्यायची गरज नाही म्हणून मिळाली. कुणी जेवायलाही गेलं नाही. मीच जाऊन घेऊन आलो. पांढरी टॉप चेअरमनच्या दिमतीला गेली. तिला तसंही सडकच आवडायची.

मी साधी गाडी ऑफिसच्या आवारात उभी केली, तेव्हा अक्का पायरीवर आल्या. मला वाटलं, आता मला फाडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "दांडा लागतोय का सरळ?"

"लागतोय."

"बरं," म्हणाल्या, आणि आत जाऊन राजीनामा दिला.

मंडळानं निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, पेढे, मागं फुलांचं तोरण. अक्कांना आणायला पांढरी गाडी पाठवली, एसी लावून. मधली खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी. तासाभरानं गाडी परत आली, एकटा ड्रायव्हर उतरला. "खोलीला कुलूप हाय. शेजारणी म्हणत्यात, पहाटेच गेल्या."

"रुसल्या असतील," कुणी तरी म्हणालं, आणि सगळे मायेनं हसले. चेअरमननी शाल रिकाम्या खुर्चीवर घातली आणि भाषण केलं. अक्कांसारखी बाई होणे नाही, संस्थेनं त्यांना कधी काही कमी पडू दिलं नाही, उत्तमातलं उत्तम दिलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तेव्हापासून कुणी माझ्यासाठी परस्पर काही चांगलं केलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुम्ही चिडखोर झालाय. असेन.

अक्का नंतर कोल्हापुरात दिसल्या नाहीत. निपाणीकडं स्वतःचं काम करतात, असं कुणी तरी सांगितलं. समारंभाच्या दिवशी त्या कुठं होत्या ते मला दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरनं सांगितलं.

पहाटे त्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "किल्ली आण. वाड्या दाखवते." गाडी त्यांनीच चालवली. ओढ्याशी आल्यावर थांबल्या, बारका दांडा ओढला, त्याला म्हणाल्या, "बघून ठेव, हितं ओढायचा, पाण्यात गेल्यावर न्हाय." गाडी पाण्यातनं निघाली, चढाला लागली, न थांबता वर गेली आणि थेट वाडीच्या मधोमध उभी राहिली.

अक्कांनी इंजिन बंद केलं. पण उतरल्या नाहीत. बाहेर बायका, पोरं जमायला लागली, कुत्री भुंकायला लागली, तरी स्टीयरिंगवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

डॉक्टर घाबरला. "काय झालं अक्का? बरं वाटत नाही का?"

"काय न्हाय," अक्का म्हणाल्या. "पाय न दुखता पहिल्यांदाच आले हितं."

मग दार उघडून खाली उतरल्या. म्हणाल्या, "चल लवकर. पलीकडच्या गोठ्यात एक लाथ मारणारी हाय, तिची आधी ओळख करून देते."